वर्गात बसून लिहिलेलं बेट

कल्पना करा, इंग्रजीचे सर वर्गात आलेत. तुम्हाला काहीतरी लिहायला देऊन ते स्वतः एक वही उघडतात आणि मान खाली घालून तिच्यात लिहीत बसतात. वहीसुद्धा शाळेचीच. मध्येच एखाद्याला टेबलाजवळ बोलावून पानावर किती शब्द झालेत ते मोजायला सांगतात. तुम्ही काय म्हणाल? सर पाट्या टाकतायत, हेच ना?

इंग्लंडमधल्या सॅलिसबरीच्या बिशप वर्ड्सवर्थ्स स्कूलमधल्या मुलांनाही १९५० नंतरच्या त्या एक-दोन वर्षांत असंच वाटलं असणार. सर दाढीवाले आणि अवतार कायम विस्कटलेला. मुलांनी त्यांना 'स्क्रफ' असं नाव पाडलं होतं, म्हणजे आपल्या भाषेत गबाळ्या. त्या वहीत एका बेटावर अडकलेली मुलं होती. शिस्तीच्या शाळांतली आणि चर्चमध्ये गाणाऱ्या पथकातली ही मुलं हळूहळू तोंडाला रंग फासून एकमेकांच्या जिवावर उठतात. वर्गात शब्द मोजणाऱ्या मुलांना आपण काय मोजतोय याचा पत्ता नव्हता.

ते सर म्हणजे विल्यम गोल्डिंग आणि ती वही म्हणजे 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'. इंग्लिश लिटरेचर घेतलेल्यांनी हे नाव ऐकलं असेल, आणि खरं सांगा, पुष्कळांनी गाईडमधून वाचलंही असेल. मीसुद्धा पहिल्यांदा गाईडच वाचलं होतं. राल्फ म्हणजे लोकशाही, जॅक म्हणजे हुकूमशाही, पिगी म्हणजे बुद्धी, शंख म्हणजे कायदा. दहा मार्कांचं उत्तर तयार! पण ज्या माणसानं हे लिहिलं तो यातल्या कुठल्या खान्यात बसतो, हे गाईडमध्ये नसतं. म्हणून आज त्या माणसाबद्दल. मुलंच त्याला गबाळ्या म्हणायची, तर आपणही एकेरीत बोलू.

गोल्डिंगचा जन्म १९ सप्टेंबर १९११ चा, कॉर्नवॉलमधल्या आजोळी. वाढला मात्र मार्लबरो या लहानशा गावात. वडील अ‍ॅलेक तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये सायन्स शिकवायचे. पक्के विज्ञानवादी आणि समाजवादी. माणूस शिकला, समाजाची घडी नीट बसली की सगळं सुधारेल, यावर त्यांचा विश्वास होता. आई मिल्ड्रेड बायकांना मताचा हक्क मिळावा या बाजूची. घर चांगलं, विचार चांगले. पण घराला लागून कब्रस्तान होतं आणि छोट्या बिलीला अंधाराची जाम भीती वाटायची. भूतबीत काही नसतं हे वडिलांचं म्हणणं त्याला डोक्यानं पटायचं, रात्री पटायचं नाही. बेटावरची लहान मुलं ज्या न दिसणाऱ्या जनावराला घाबरतात ना, त्याची पहिली हालचाल मला तरी या घरात ऐकू येते.

दुसरी गोष्ट, बिली काही गरीब बिचारा मुलगा नव्हता. त्याला मारामारी आवडायची. दुसऱ्याला दुखवण्यात मजा वाटायची, हे त्यानं मोठेपणी स्वतःच एका लेखात लिहून ठेवलंय. शेवटी वर्गातल्या बाकीच्या मुलांनी मिळून त्याला एकटं पाडलं, तेव्हा स्वारी हादरली. म्हणजे आपल्या शाळेत एक दादा मुलगा असायचा, तो. लेखक लहानपणी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला असतो, असं आपण धरून चालतो. हा कोपऱ्यात बसलेल्याला बुकलणारा होता.

त्याच गावात श्रीमंतांच्या मुलांचं मोठं बोर्डिंग स्कूल होतं, मार्लबरो कॉलेज. त्यांच्यापुढे ग्रामर स्कूलच्या मास्तरांचा मुलगा म्हणजे किस झाड की पत्ती. गोल्डिंग पुढे १९३० मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात गेला, तरी हे शल्य सुटलं नाही. तिथल्या खानदानी मुलांत तो उपराच राहिला. वडिलांच्या इच्छेप्रमाणे सायन्स घेतलं होतं. दोन वर्षांनी ते सोडून तो इंग्रजी साहित्याकडे वळला. सायन्स सोडून आर्ट्सला जायचंय हे घरी सांगणाऱ्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायची गरज नाही! १९३४ मध्ये त्याचा एक छोटा कवितासंग्रह निघाला. पुढे त्याला त्याचा उल्लेखही नकोसा वाटायचा.

आता कादंबरीतल्या पिगीकडे बघा. जाडा, दम्याचा पेशंट, चष्मेवाला. पण बाकीची मुलं त्याला हसतात त्यात त्याच्या बोलण्याचाही वाटा आहे. त्याचं इंग्रजी त्यांच्यासारखं नाही. त्याचं खरं नाव पुस्तकात कुणी विचारतच नाही. फर्स्ट इयरला एखाद्याच्या उच्चारावरून अख्खी बेंच कशी फिदीफिदी हसते, हे तुम्ही पाहिलंय. तेव्हा तुम्ही हसत होता की गप्प होता, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

इथवरचं वाचून गोल्डिंग आपल्या बाजूचा वाटायला लागतो. म्हणून पुढची गोष्ट सांगणं भाग आहे. जॉन कॅरी या अभ्यासकानं २००९ मध्ये गोल्डिंगचं चरित्र प्रसिद्ध केलं. त्यासाठी कुटुंबानं त्याला खासगी कागदपत्रं दिली होती. त्यात गोल्डिंगनं बायकोसाठी लिहिलेलं, कधीच न छापलेलं एक आत्मकथन होतं. ऑक्सफर्डमधून सुट्टीत घरी आलेला असताना आपण एका पंधरा वर्षांच्या मुलीवर जबरदस्ती करण्याचा प्रयत्न केला, असं त्यानं तिथे लिहिलंय. ती झगडली आणि सुटली. लपवता आलं असतं ते त्यानं कागदावर उतरवलं, हे खरं. पण त्या मुलीबद्दल लिहिताना त्याची भाषा तिलाच दूषणं देते, हेही खरं. कबुली दिली म्हणून माफ, असं मला वाटत नाही. तिची बाजू तर कुठेच लिहिलेली नाही.

मग हे इथे कशाला? कारण माणूस मुळात कसा असतो यावर त्यानं जे लिहिलं, ते लांबून दुर्बीण लावून लिहिलं नव्हतं, हे यावरून कळतं. नाझी कसे वागले हे आपल्याला समजतं, कारण आपलाही पिंड तोच आहे, अशा अर्थाचं तो पुढे बोलत असे. ते नुसतं साहित्यिक बोलणं नव्हतं.

१९३९ मध्ये त्यानं अ‍ॅन ब्रुकफील्डशी लग्न केलं. ती केमिस्ट होती, डोक्यानं तल्लख आणि बोलायला सडेतोड. त्याच सुमाराला सॅलिसबरीच्या शाळेत नोकरी लागली आणि लगेच युद्धही. १९४० च्या अखेरीस तो नौदलात गेला. जर्मनांची बिस्मार्क ही प्रचंड युद्धनौका बुडवायला १९४१ मध्ये जो पाठलाग झाला, त्यातल्या एका जहाजावर तो होता. ६ जून १९४४ ला दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा मास्तर एका रॉकेट सोडणाऱ्या बोटीचा कमांडर होता. एका झटक्यात शेकडो रॉकेट किनाऱ्यावर जाऊन पडायची. खाली कोण आहे ते दिसत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॉलंडजवळच्या वॉल्चरेन बेटावरच्या हल्ल्यातही तो होता. तिथे डोळ्यांदेखत सोबतच्या बोटी उडाल्या. समाज सुधारला की माणूस सुधारतो, ही वडिलांकडून आलेली श्रद्धा या पाच वर्षांत गेली. जर्मन वाईट आणि आपण चांगले, इतकं सोपं गणित त्याला पुढे कधीच मांडता आलं नाही.

युद्ध संपल्यावर तो परत त्याच शाळेत आला. पगार बेताचा, दोन मुलं, तपासायच्या वह्यांचा ढीग. शिकवण्याची त्याला फारशी आवड नव्हती, पण मुलांकडे त्याचं लक्ष असायचं. एकदा सहलीला शहराबाहेरच्या फिग्सबरी रिंग या पुरातन मातीच्या तटबंदीपाशी गेल्यावर त्यानं मुलांचे दोन गट केले. एकानं आत राहून राखण करायची, दुसऱ्यानं हल्ला. आणि मोकळीक देऊन तो बघत राहिला, ही कुठपर्यंत जातात. आजच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी सरांची नोकरी गेली असती, आणि बहुतेक योग्यच झालं असतं.

घरी रात्री तो मुलांना गोष्टी वाचून दाखवायचा. त्या काळातल्या इंग्रजी मुलांच्या पुस्तकात बेटं फार. बॅलंटाइनचं 'द कोरल आयलंड' हे त्यातलं गाजलेलं. त्यात राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन शूर मुलं बेटावर मजेत राहतात, आणि दुष्टपणा बाहेरून येतो, चाच्यांकडून, तिथल्या रहिवाशांकडून. एका रात्री गोल्डिंगनं बायकोला विचारलं, की मुलं बेटावर खरोखर जशी वागतील तशी गोष्ट लिहिली तर? अ‍ॅनला कल्पना एकदम पसंत पडली. लिही म्हणाली. त्यानं राल्फ आणि जॅक ही नावंसुद्धा त्या जुन्या पुस्तकातून तशीच उचलली.

पुस्तक झालं, पण घेईना कुणी. प्रकाशकामागून प्रकाशक ते परत पाठवत होते. १९५३ मध्ये हस्तलिखित फेबर अँड फेबरकडे पोचलं तोवर हाताळून हाताळून मळकट झालेलं. तिथल्या वाचक बाईंनी ते रटाळ आणि निरर्थक ठरवून नापसंतीचा शेरा मारला. पण चार्ल्स मॉन्टिथ नावाचा नवा संपादक रेल्वेत वाचायला म्हणून ते नाकारलेलं बाड सोबत घेऊन गेला. सुरुवातीचं अणुयुद्धाचं लांबलचक वर्णन त्यालाही कंटाळवाणं वाटलं. पुढे मुलं बेटावर आली आणि त्याला ते खाली ठेववेना. त्यानं गोल्डिंगकडून सुरुवात कापून घेतली, नाव बदलायला लावलं. १७ सप्टेंबर १९५४ ला पुस्तक आलं, तेव्हा लेखक त्रेचाळिशीला दोन दिवस कमी होता. आगाऊ मानधन साठ पौंड.

अमेरिकेत ते आधी पडलं. नंतर कॉलेजच्या पोरांनी पेपरबॅक हातोहात पसरवलं आणि १९६० नंतर कॅम्पसवर त्याचीच चर्चा. म्हणजे हे पुस्तक मोठं केलं ते तुमच्या वयाच्या वाचकांनी.

एक गंमत सांगते. मुलं पिगीच्या चष्म्यानं सूर्यकिरण एकवटून आग पेटवतात. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगं अंतर्गोल हवीत, आणि अंतर्गोल भिंग किरण एकवटत नाही, पसरवतं. दहावीचं सायन्स! सायन्स मास्तरांचा मुलगा, दोन वर्षं ऑक्सफर्डात सायन्स शिकलेला, आणि अख्ख्या कथेचा विस्तव चुकीच्या काचेवर पेटवून मोकळा.

दुसरी हरकत मोठी आहे आणि ती तुम्ही रीलमध्ये पाहिली असेल. १९६५ मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं बोट घेऊन पळाली आणि वादळात सापडून 'अता' या ओसाड बेटावर जाऊन लागली. पंधरा महिन्यांनी एका ऑस्ट्रेलियन जहाजाच्या कप्तानाला ती सापडली. मुलांनी कामं वाटून घेतली होती, बाग लावली होती, विस्तव विझू दिला नव्हता. भांडण झालं की दोघांनी दोन दिशांना जाऊन शांत व्हायचं. एकाचा पाय मोडला तेव्हा बाकीच्यांनी तो बांधून त्याची कामंही केली. गोल्डिंग खोटा पडला, असं यावरून म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ही सहा मुलं एकमेकांची दोस्त होती, आपणहून एकत्र निघाली होती. गोल्डिंगची मुलं वेगवेगळ्या ठिकाणची, अनोळखी, आणि ज्या शाळांतून आलेली तिथे वरचा खालच्याला चेपतो हेच आधी शिकलेली. सगळी माणसं अशीच असतात हा त्याचा दावा टोंगाच्या मुलांनी नक्कीच सैल केला. त्याच्या शाळेची मुलं कशी असतात, हे मात्र तो रोज बघत होता.

पुढची गोष्ट भराभर सांगते. 'द इनहेरिटर्स', 'पिंचर मार्टिन', 'द स्पायर' अशा कादंबऱ्या आल्या. १९६०-६२ च्या दरम्यान मास्तरकी सुटली. बाउअरचॉक या खेड्यात राहत असताना शेजारी जेम्स लव्हलॉक हा शास्त्रज्ञ होता. पृथ्वी हीच एक सजीव व्यवस्था आहे, या त्याच्या सिद्धांताला 'गाया' हे नाव गोल्डिंगनं सुचवलं. १९६७ मध्ये त्याच्या बोटीला एका जपानी मालवाहू जहाजानं धडक दिली. घरचे सगळे वाचले, पण त्याचं बोटींचं वेड संपलं. दारू खूप वाढली. मग स्वतःची स्वप्नं टिपायला त्यानं रोजनिशी सुरू केली आणि ती वीसेक वर्षं चालवली. १९८० मध्ये 'राइट्स ऑफ पॅसेज'ला बुकर, १९८३ मध्ये नोबेल. नोबेलच्या वेळी निवड करणाऱ्या अकादमीतल्याच एका सदस्यानं जाहीर नाराजी दाखवली! आणि ज्या पुस्तकावर तुम्ही दहा मार्कांचं उत्तर लिहिता, ते उतारवयाकडे झुकताना पुन्हा वाचल्यावर त्याला स्वतःलाच कंटाळवाणं आणि ओबडधोबड वाटलं होतं. १९ जून १९९३ ला कॉर्नवॉलमधल्या घरी तो वारला. बाउअरचॉकच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं.

आता पुस्तकाच्या शेवटाकडे या. स्पॉयलर आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

सायमन मरतो ती रात्र आठवा. अंधारात वादळ चालू आहे, मुलं नाचतायत, आणि जनावर समजून ती सायमनला मारतात. गाईड सांगतं, जॅकच्या टोळीनं मारलं. पण त्या घोळक्यात राल्फ आणि पिगीही होते. दुसऱ्या दिवशी पिगी म्हणत राहतो की तो अपघात होता, आपण कडेला होतो, आपल्याला काही दिसलं नाही. राल्फला मात्र तो खून होता हे माहीत असतं. वर्गात आम्हाला विचारलं होतं, तुम्ही कोण? सगळ्यांनी राल्फ म्हणून सांगितलं होतं. मीपण. तेव्हा मी हे पान वाचलेलं नव्हतं.

आणि अगदी शेवटी राल्फ जीव घेऊन पळतोय, मागे भाले, अख्खं बेट पेटलेलं. तो वाळूत पडतो आणि मान वर करतो तर समोर पांढऱ्या गणवेशातला नौदलाचा ऑफिसर. इंग्लिश मुलांनी असं वागावं याचं त्याला वाईट वाटतं. मुलं रडायला लागतात, त्याला अवघडल्यासारखं होतं. ती सावरेपर्यंत तो तोंड फिरवून समुद्रात उभ्या असलेल्या आपल्या जहाजाकडे बघत राहतो. ते जहाज युद्धनौका आहे. वह्या तपासायला सॅलिसबरीला परत येण्याआधी गोल्डिंग पाच वर्षं तोच गणवेश घालून अशाच जहाजांवर उभा होता.