सुरतेचे प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म 1831 साली सुरत शहरी एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. लहानपणीच ते वडिलांबरोबर मुंबईस आले, इंग्रजी शिकले आणि दलालीच्या धंद्यात लवकरच नावारूपास आले.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा शेअरबाजाराकडे धावला. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या घरात गेला. बॉम्बे बँक शेअर तारण ठेवून कर्ज देई. त्या कर्जातून लोक आणखी शेअर घेत. या उलाढालीत प्रेमचंदशेठ सर्वांच्या पुढे होते.

1865 साली युद्ध थांबले. कापूस उतरला, शेअर कोसळले. कर्ज मात्र तेवढेच राहिले. अनेक घरे धुळीस मिळाली, बँक बुडाली, शेठजींचेही दिवाळे निघाले.

परंतु भरभराटीच्या काळात, 1864 साली, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोरा यांसाठी मोठी देणगी दिली होती. तो मनोरा 1878 साली पुरा झाला. शेठजींच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर तो हाच. शेठजी 1906 साली वारले.

वाचकहो, कर्ज काढून नफ्यामागे धावू नये, कागदावरच्या भावाला आपली मिळकत समजू नये, हे आपल्या मुलांना आपण वेळीच शिकवू या. शेठजींनी साठविले ते गेले. दिले ते अजून उभे आहे.