दोनदा दुकान बुडालं, घर जळालं, शेवटी वकील झाला आणि थेट इंग्लंडच्या राजाला नडला

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की वॉशिंग्टन आणि जेफरसन ही नावं आधी येतात. पण राजाविरुद्ध उघड बोलायची सवय लोकांना ज्यांनी लावली, त्यात एक गावाकडचा वकील होता. त्याचं नाव पॅट्रिक हेन्री.

१७३६ साली व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीत त्याचा जन्म झाला. वडिलांनी दुकान टाकून दिलं, ते बुडालं. १८ व्या वर्षी लग्न झालं. सासऱ्यांनी ३०० एकर जमीन आणि ६ गुलाम दिले, पण १७५७ मध्ये घर जळालं. पुन्हा दुकान काढलं, तेही बुडालं.

मग गडी सासऱ्यांच्या खानावळीत हातभार लावू लागला. समोरच कोर्ट होतं. थोडे महिने कायदा वाचून त्यानं १७६० मध्ये वकिलीचा परवाना मिळवला.

नाव झालं ते १७६३ च्या एका खटल्यानं. तेव्हा व्हर्जिनियात पाद्र्यांना पगार तंबाखूत मिळायचा, वर्षाला १६,००० पौंड. दुष्काळानं तंबाखू महागली, तेव्हा पौंडाला दोन पेनी या दरानं रोख पगार द्यायचा कायदा स्थानिक विधिमंडळानं केला. बाजारभाव याच्या तिप्पट होता. राजानं हा कायदा रद्द केला आणि जेम्स मॉरी या पाद्र्यानं फरकासाठी दावा लावला.

मॉरी जिंकला होता. ज्युरीनं फक्त भरपाईचा आकडा ठरवायचा होता. न्यायाधीश कोण, तर हेन्रीचे वडीलच!

हेन्रीनं पाद्र्यांना तर झोडपलंच, शिवाय लोकांच्या भल्याचा कायदा रद्द करणारा राजा प्रजेवरचा हक्क गमावतो, असं भर कोर्टात मांडलं. समोरून राजद्रोहाची ओरड झाली. ज्युरीनं मॉरीला भरपाई दिली, एक पेनी.

दोन वर्षांनी तो विधिमंडळात गेला. नवीन असूनही आपल्या २९ व्या वाढदिवशी त्यानं स्टॅम्प करविरोधी ठराव मांडले.

मार्च १७७५ मध्ये रिचमंडच्या चर्चमध्ये त्यानं ते गाजलेलं स्वातंत्र्याचं भाषण केलं. गंमत म्हणजे त्याची लिखित प्रत नाही. आज छापलं जातं ते भाषण चरित्रकार विल्यम वर्टनं ऐकणाऱ्यांच्या आठवणींवरून जुळवून १८१७ मध्ये छापलं. हेन्रीची आजारी बायको सारा त्या भाषणाच्या थोडंच आधी गेली होती.

१७७६ मध्ये तो व्हर्जिनियाचा पहिला गव्हर्नर झाला. पुढे नव्या राज्यघटनेला त्यानं कडाडून विरोध केला, कारण त्यात नागरिकांच्या हक्कांची हमी नव्हती. घटना मंजूर झाली, पण त्याच्यासारख्यांच्या रेट्यामुळं १७९१ मध्ये हक्कांची सनद त्यात आली.

मात्र गुलामगिरी चुकीची आहे, पण गुलामांशिवाय आपली गैरसोय होते, हे त्यानं १७७३ मध्येच पत्रात कबूल केलं होतं. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याकडे ६७ गुलाम होते. ते बायको आणि मुलांमध्ये वाटले गेले.