वाद्यमेळातला कंठ

सी. रामचंद्र यांचे नाव निघाले, की २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आठवते, ‘अनारकली’ आठवतो. ‘ईना मीना डीका’ मात्र निव्वळ गंमत म्हणून बाजूला ठेवले जाते. हा अन्याय आहे.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी गायनाचे धडे घेतले. नट होण्यासाठी चित्रपटसृष्टीत आलेला हा तरुण मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवता वाजवता संगीतकार झाला.

अमेरिकेत ड्यूक एलिंग्टन यांनी १९२७ मध्येच ‘क्रिओल लव्ह कॉल’मध्ये अ‍ॅडलेड हॉल यांचा शब्दावाचूनचा स्वर वाद्यांच्या पंक्तीला बसवला होता. अर्थहीन अक्षरे वाद्यासारखी फेकण्याची ‘स्कॅट’ ही रीत लुई आर्मस्ट्राँग यांनी लोकप्रिय केली. मुंबईच्या बड्या हॉटेलांत हे जॅझ गोमंतकीय वादक वाजवीत. त्यांतलेच हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, चितळकरांचे साहाय्यक झाले.

‘शहनाई’त (१९४७) चितळकरांनी शिट्टीचा वापर केला, तर ‘शिनशिनाकी बूबला बू’च्या (१९५२) शीर्षकगीतात स्कॅटचा. ‘आशा’त (१९५७) त्याचा कळस झाला. अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या बोलांवरून ‘ईना मीना डीका’ सुचले आणि साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातली, असे सांगतात. या गीतात शब्दांना अर्थाचे ओझे नाही. किशोरकुमार अक्षरे ट्रम्पेटच्या फटकाऱ्यांसारखी सोडतात. तेच गीत आशा भोसले यांच्या आवाजात ऐकावे, म्हणजे कंठ बदलताच वाद्यमेळाचा रंग कसा पालटतो ते कळते.

‘चितळकर’ या नावाने ते स्वतःही गात. त्यांचा गळा काही मखमली नव्हता. पण ‘शोला जो भडके’मध्ये लताबाईंच्या निर्मळ स्वराशेजारी तोच खट्याळ आवाज हवासा वाटतो.

पाश्चात्त्य ढंगाबद्दल त्यांना बोल लावणारे ‘अनारकली’ विसरतात. खरी उपेक्षा झाली ती मात्र गोमंतकीय साथीदारांची. श्रोत्यांना संगीतकार ठाऊक असे, ट्रम्पेट फुंकणारा नसे. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहून चितळकर ५ जानेवारी १९८२ रोजी निवर्तले. चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेले होते. ‘अलबेला’त (१९५१) मात्र ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात, झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून.