दोन अक्षरांचा चित्रकार

आद्याक्षरांनी माणूस ओळखण्याची रीत मराठी वाचकाला नवी नाही. पुलं, गदिमा म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. पण घराण्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून दोन आद्याक्षरांआड दडलेला एक चित्रकार पुढे अक्षरांच्याच चित्रांनी देशोदेशींच्या भिंतींवर पोहोचला. त्याचे नाव एर्ते.

रोमान तिर्तोव याचा जन्म २३ नोव्हेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील नौदलात अधिकारी. मुलाने तोच गणवेश चढवावा ही त्यांची अपेक्षा. मुलाला मात्र दुसऱ्यांसाठी पोशाख रेखाटायचे होते. तो पॅरिसला गेला आणि १९१३ मध्ये पॉल प्वारे या नामांकित वेशकाराकडे कामाला लागला. ‘आर’ आणि ‘टी’ या आद्याक्षरांच्या फ्रेंच उच्चारातून ‘एर्ते’ हे नाव सिद्ध झाले. १९१५ पासून दोन दशकांहून अधिक काळ ‘हार्पर्स बझार’ची दोनशेहून अधिक मुखपृष्ठे त्याच्या हातून उतरली. १९२५ मध्ये हॉलिवूडचीही वारी झाली. ती फार काळ टिकली नाही.

१९२७ मध्ये त्याने रोमन वर्णमाला चितारावयास घेतली. अक्षराभोवती वेलबुट्टी काढणारे पुष्कळ होते. एर्तेने मानवी देहालाच, बहुधा स्त्रीदेहाला, अक्षराचे वळण दिले. बाहू, केस, वस्त्राचा घोळ यांतून अक्षर उमटते. आधी अक्षर दिसते की आधी स्त्री, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. रोलां बार्थ यांच्यासारख्या विचारवंताला या चित्रांवर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला, तो उगाच नव्हे.

परंतु ही सव्वीस अक्षरे पुरी व्हायला चाळीस वर्षे लागली. मधल्या काळात महायुद्ध झाले, अभिरुची पालटली आणि रंगभूमीची कामे अखंड चालू असूनही कलाजगत त्याला विसरले. १९६७ मध्ये वर्णमाला पूर्ण झाली. त्याच वर्षी एरिक एस्टोरिक यांनी न्यूयॉर्कमध्ये भरविलेल्या प्रदर्शनातील १७० चित्रे मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने एकगठ्ठा विकत घेतली. चित्रकार तेव्हा पंचाहत्तरीला टेकला होता.

मूळ चित्रे संग्रहालयांत आणि धनिकांकडेच जाणार. सामान्य रसिकाला एर्ते मिळाला तो छापांमुळे. १९६८ मध्ये अंकांचे शिळाछाप निघाले. १९७६-७७ मध्ये वर्णमालेचे सेरिग्राफ, म्हणजे ताणलेल्या जाळीतून एकेक रंग कागदावर उतरवून केलेले छाप. सगळा संच न परवडणाऱ्यालाही आपल्या नावाचे एखादे अक्षर घेता येऊ लागले. संग्राहकाला यात डोळे उघडे ठेवावे लागतात: मर्यादित आवृत्तीच्या छापावर चित्रकाराची स्वाक्षरी आणि आवृत्तीतील क्रमांक असतो, नुसते भित्तिपत्रक कितीही देखणे असले तरी त्याची किंमत वेगळी.

एर्ते २१ एप्रिल १९९० रोजी पॅरिसमध्ये वारला, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. त्या छापांवरील स्वाक्षरीत तिर्तोव घराण्याचे नाव नाही. आहेत ती तीच दोन अक्षरे.