सुब्बाराव: एटीपीपासून ऑरिओमायसिनपर्यंत

बारावीच्या बायोलॉजीत एटीपी सगळ्यांनीच पाठ केलंय. पेशीची एनर्जी करन्सी वगैरे. पण ते शोधून काढणाऱ्यांत एक भारतीय होता, हे आपल्या पुस्तकात मला तरी कुठे दिसलं नाही.

यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १२ जानेवारी १८९५, भीमावरम, आजचा आंध्र प्रदेश. घरी परिस्थिती बेताची. त्यात स्प्रू नावाच्या आजाराने भाऊ गेला. या आजारात आतडी अन्न शोषतच नाहीत, रक्त कमी होत जातं आणि माणूस सुकत जातो. पुढे सुब्बारावांनाही तोच आजार झाला, पण ते वाचले. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये गांधीजींच्या प्रभावाने त्यांनी खादी घातली, ते इंग्रज प्रोफेसरला खपलं नाही, आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाची एलएमएस पदवी हातात पडली. काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद कॉलेजात शिकवलं. मग सासऱ्यांच्या मदतीने बोट पकडली आणि हार्वर्ड गाठलं. पत्नी शेषगिरी इकडेच राहिल्या. सुब्बाराव परत कधीच आले नाहीत.

बोस्टनमध्ये पोटासाठी हॉस्पिटलात रात्रीची हमाली आणि दिवसा लॅब. १९२५ मध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी रक्तातला फॉस्फरस मोजायची पद्धत काढली. सॅम्पलमध्ये केमिकल टाकायचं, निळा रंग येतो. रंग जितका गडद तितका फॉस्फरस जास्त. साधं टूल, पण याच टूलमुळे पुढचे शोध लागले. स्नायूंमध्ये आधी फॉस्फोक्रिएटिन सापडलं, मग १९२९ मध्ये एटीपी. जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही ते त्याच वर्षी स्वतंत्रपणे मिळालं. एवढं करूनही हार्वर्डने सुब्बारावांना कायमची नोकरी दिली नाही. मला विचाराल तर नुकसान हार्वर्डचंच झालं.

१९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हरला, लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि संशोधनाचे प्रमुख झाले. १९४५ मध्ये त्यांच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिड लॅबमध्ये बनवलं, जे स्प्रूवर चालतं. त्याच रेणूत थोडा फेरफार करून अमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट आली, म्हणजे कॅन्सरवरच्या केमोथेरपीची सुरुवातीची औषधं. गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीरोग मोहिमेत घरोघरी देतात ती डीईसीची गोळीही याच टीमची.

आता येऊ अँटिबायोटिककडे. लेडर्लीत बेंजामिन डग्गर नावाचे सत्तरी ओलांडलेले, रिटायर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ठिकठिकाणहून मातीचे नमुने मागवायचे आणि त्यातले जिवाणू तपासायचे, हे त्यांचं काम. मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबर्न फील्ड या शेतातल्या मातीत त्यांना सोनेरी रंगाचा एक स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू सापडला. त्याच्यापासून जे औषध मिळालं ते ऑरिओमायसिन, टेट्रासायक्लिन कुटुंबातलं पहिलं. आज आपल्याला मिळणारी डॉक्सिसायक्लिन त्याच कुटुंबातली.

पण जिवाणू हा रेणू बनवतो कसा? ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, एन्झाइम्स कळायला पुढे काही दशकं गेली. कोडिंगच्या भाषेत सांगतो. इथे एक फॉर लूप चालतो. पॉलिकेटाइड सिंथेज नावाचा एन्झाइम-संच तीन कार्बनचा एक तुकडा घेऊन सुरुवात करतो आणि त्याला मॅलोनिल-कोए या कच्च्या मालातून दोन-दोन कार्बन जोडत जातो. एकदा, दोनदा, असं आठ वेळा. म्हणजे तीन अधिक सोळा, एकोणीस कार्बनची साखळी. लूप कधी थांबवायचा हे ठरवण्यात संचातल्या एका प्रोटीनचा मोठा वाटा असतो. त्याचं नावच चेन लेंथ फॅक्टर! मग दुसरे एन्झाइम साखळी दुमडून चार कडी तयार करतात, आणि हॅलोजिनेज नावाचा एन्झाइम नेमक्या एका जागी क्लोरीनचा अणू बसवतो. लॅबमध्ये एवढ्या अचूक जागी क्लोरीन बसवणं केमिस्टसाठी डोकेदुखी असते. जिवाणू ते पाण्यात, साध्या तापमानाला करतो.

आणि तो कच्चा माल, मॅलोनिल-कोए, बनवायला प्रत्येक वेळी एक एटीपी खर्च होतो. म्हणजे ज्या औषधाचं काम सुब्बारावांच्या हाताखाली चाललं होतं, त्याच्या प्रत्येक रेणूमागे त्यांनीच शोधलेला रेणू जळत होता. हे त्यांना कळायची सोयच नव्हती.

१९४८ मध्ये ऑरिओमायसिन जगासमोर आलं. त्याच वर्षी बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिनमुळे ल्युकेमियाच्या लहान मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटतो, असं दाखवलं. ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले. वय फक्त ५३. शेषगिरी तेव्हाही भारतातच होत्या.