जँगो राइनहार्ट : दोन बोटांची गिटार

गिटारला सहा तारा असतात. उजव्या हाताने त्या छेडायच्या आणि डाव्या हाताच्या चार बोटांनी पट्टीवर दाबून सूर धरायचे, असा या वाद्याचा साधा हिशेब आहे. त्या चारांतली दोन बोटे जळून आखडल्यावरही ज्याने युरोपातल्या जॅझला स्वतःचा आवाज दिला, त्या जँगो राइनहार्टची ओळख या अंकातून करून द्यावी असे आम्हाला वाटले.

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबेर्शी या गावी झाला. गावी म्हणायचे एवढेच. त्याचे घर चाकांवर होते. रोमा लोकांच्या मानुष या शाखेतले हे कुटुंब घोडागाडीतून गावोगाव फिरत असे. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्या वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून अभ्यासकांनी ठरवले आहे. त्या भाषेत पाण्याला पानी, दोनला दुई आणि नाकाला नाकच म्हणतात. मानुष या शब्दाचा अर्थ तर कोणाही मराठी माणसाला विचारावा लागणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहून घरात आपली बोली जपणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांना या लोकांविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही. जँगो या नावाचा संबंधही जाग येण्याशी जोडला जातो.

पुढे त्यांच्या गाड्या पॅरिसच्या वेशीबाहेर विसावल्या. वडील घर सोडून गेले आणि आईने मुलांना वाढवले. शाळेशी जँगोचा संबंध जवळपास आलाच नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला बँजोसारखे एक वाद्य मिळाले. मोठ्यांची बोटे पाहून पाहून तो शिकला आणि मिसरूड फुटण्याआधीच नाचघरांत अकॉर्डियनवाल्यांची साथ करून पैसे मिळवू लागला. १९२८ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यावर त्याचे नाव चुकीचे छापले गेले, पण ते वाचता येण्याइतकी अक्षरओळख त्याला नव्हती.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर घात झाला. जँगो अठरा वर्षांचा होता. त्याची पत्नी विक्रीसाठी सेल्युलॉइडची फुले बनवत असे आणि त्या फुलांनी गाडी भरली होती. रात्री मेणबत्तीची ठिणगी त्यांत पडली आणि क्षणात सगळे पेटले. दोघे बाहेर पडले, पण जँगोचा पाय आणि डावा हात भाजून निघाला. डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. तो त्याने मानला नाही. पाय वाचला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र कायमची आखडली.

उपचारात दीड वर्षाच्या आसपास गेले. धाकटा भाऊ जोसेफ याने त्याला एक गिटार आणून दिली. जुने वादन आता शक्य नव्हते, म्हणून जँगोने नवे शोधले. तर्जनी आणि मधले बोट, एवढ्या दोनच बोटांनी तो पट्टीवर वरखाली धावू लागला. आखडलेली बोटे स्वर जुळवताना एखाद्या तारेवर टेकवण्यापुरती वापरायची. इतरांची बोटे जिथे एका जागी बसून आडवी फिरत, तिथे त्याची दोन बोटे एकाच तारेवर लांबवर झेपावत. त्यातून जी चपळ, नक्षीदार धाटणी निघाली, ती पुढे चार बोटांचे वादक मुद्दाम शिकू लागले.

१९३१ च्या सुमारास एमिल साव्हित्री या चित्रकार-छायाचित्रकाराने त्याला लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिका ऐकवल्या आणि जँगोला त्याची वाट सापडली. १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह पॅरिसमध्ये पाच जणांचा ताफा उभा राहिला. एक व्हायोलिन, तीन गिटार, एक डबल बास. ना ढोल, ना तुतारी. ताल धरायचा तोही गिटारींनीच, आणि त्यांत एक जोसेफची. निव्वळ तंतुवाद्यांचा असा जॅझ लोकांना नवलाचा होता.

१९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ताफा इंग्लंडमध्ये होता. ग्रापेली तिथेच थांबला, जँगो पॅरिसला परतला. नाझींना जॅझ नकोसा होता आणि रोमा तर त्याहून नकोसे. युरोपभर लाखो रोमांची कत्तल झाली. जँगोने १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निसटण्याचा प्रयत्न केला, तो फसला. त्याची कीर्ती त्याच्या कामी आली. त्याच्या हजारो भाईबंदांपाशी तेवढेही संरक्षण नव्हते. याच काळात त्याने रचलेली नुआज, म्हणजे ढग, ही उदास धून पराभूत पॅरिसच्या तोंडी बसली.

१९४६ मध्ये ड्यूक एलिंग्टनबरोबर तो अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्या रात्री दाद मिळाली, दुसऱ्या रात्री स्वारी फार उशिरा उगवली. वेळ, करार आणि पैसा यांच्याशी त्याचे कधी जमलेच नाही. कित्येकदा मैफल सोडून तो आपल्या माणसांच्या गाड्यांकडे निघून जाई. मोठा कलावंत म्हणून त्याचा हा बेभरवसा झाकावा, असे आम्हाला वाटत नाही. सोबतच्यांना त्याची झळ बसत असे.

१९५१ मध्ये तो सेन नदीकाठच्या साम्वा गावी स्थिरावला. मासे धरणे, चित्रे काढणे आणि अधूनमधून पॅरिसला जाऊन वाजवणे, असा दिनक्रम होता. १६ मे १९५३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ४३.

जँगोनंतर बऱ्याच वर्षांनी इंग्लंडच्या टोनी आयोमी या तरुणाची दोन बोटांची टोके कारखान्यात तुटली. गिटार सुटली म्हणून तो खचला असताना कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची ध्वनिमुद्रिका ऐकवली आणि मग ती दोन बोटांची गोष्ट सांगितली. आयोमीने बोटांना टोप्या करून पुन्हा वाजवायला घेतले आणि ब्लॅक सॅबथ या विख्यात रॉक ताफ्याचा तो गिटारवादक झाला. जँगोला लिहिता जेमतेमच येत होते, त्यामुळे त्याने मागे कुणासाठी उपदेश ठेवला नाही. त्याचे वादन तेवढे राहिले, आणि ते अजूनही कुणाच्या तरी हाती गिटार देते.