दीड डॉलरवर शाळा काढली आणि पुढे सरकारी योजनांमध्ये कृष्णवर्णीयांचा वाटा मागितला

सरकारी योजना कागदावर सगळ्यांसाठी असते. पण लाभार्थ्यांची यादी कोण करतं, यावर ती खरंच कुणापर्यंत पोहोचणार हे ठरतं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना याचा रोजचा अनुभव होता.

मंदीमुळे लाखो लोक बेकार होते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘न्यू डील’ नावाखाली एकामागून एक योजना आणल्या. पैसा वॉशिंग्टनहून यायचा, वाटप मात्र बरंचसं राज्यातले आणि गावातले अधिकारी करायचे. दक्षिणेकडच्या राज्यांत हे अधिकारी गोरे असायचे. तिथे कृष्णवर्णीयांचा नंबर शेवटी लागायचा, किंवा लागायचाच नाही.

ही गोम ओळखून सरकारच्या आत शिरलेल्या बाई म्हणजे मेरी मॅक्लाऊड बेथून.

त्यांचा जन्म १८७५ चा, साऊथ कॅरोलायनातल्या मेयझव्हिलजवळचा. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, घरात १७ भावंडं. शाळेत जायची संधी मेरीला मिळाली. मैलोन् मैल चालत ती शाळेत जायची आणि शिकलेलं घरी येऊन इतरांना शिकवायची.

१९०४ मध्ये त्यांनी फ्लोरिडातल्या डेटोना इथे मुलींची शाळा काढली. हातात होते दीड डॉलर आणि वर्गात होत्या ५ मुली. शाळा चालवायला रताळ्याचे पाय विकले, शाई रानफळांच्या रसापासून बनवली. हीच शाळा पुढे बेथून-कुकमन कॉलेज झाली आणि आज ते विद्यापीठ आहे. १९२० मध्ये महिलांना मताधिकार मिळाला, तेव्हा बेथूनबाईंनी कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी सुरू केली. त्यांना धमकावायला कू क्लक्स क्लॅनचे लोक थेट शाळेवर आले. बाई मागे हटल्या नाहीत.

१९३५ मध्ये ‘नॅशनल यूथ अॅडमिनिस्ट्रेशन’ सुरू झालं. गरीब विद्यार्थ्यांना काम देऊन शिक्षणाचा खर्च भागवायचा आणि बेकार तरुणांना कामाचं प्रशिक्षण द्यायचं, असं या संस्थेचं स्वरूप होतं. बेथून आधी तिच्या सल्लागार समितीवर होत्या. १९३६ मध्ये कृष्णवर्णीय तरुणांसाठीचा विभाग त्यांच्याकडे आला.

त्यांचा आग्रह साधा होता. भेदभाव करू नका, एवढं सांगून भागणार नाही. लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण एक दशांश आहेत, तर योजनेतही निदान तेवढा वाटा दिसला पाहिजे. आणि वाटप करणाऱ्या यंत्रणेत कृष्णवर्णीय अधिकारी हवेत. त्यांच्या पाठपुराव्यामुळे अनेक राज्यांत असे अधिकारी नेमले गेले.

दुसरी अडचण उच्च शिक्षणाची होती. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना पदव्युत्तर शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. त्यासाठी वेगळा निधी ठेवण्यात आला आणि तो बेथून यांच्या देखरेखीखाली होता. त्यातून ४ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना मदत मिळाली.

एका खात्यात बदल होऊन पुरणार नव्हतं. म्हणून वेगवेगळ्या खात्यांतले कृष्णवर्णीय अधिकारी बेथून यांच्या पुढाकाराने एकत्र जमू लागले. लोक या गटाला ‘ब्लॅक कॅबिनेट’ म्हणू लागले. कुठल्या योजनेत कुठे डावललं जातंय याची माहिती इथे गोळा व्हायची. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट या बेथून यांच्या मैत्रीण, त्यामुळे गाऱ्हाणी व्हाइट हाऊसपर्यंत जायची.

अर्थात, मर्यादा होत्याच. पद सल्ल्याचं, अंतिम अधिकार दुसऱ्यांकडे. दक्षिणेत प्रशिक्षण केंद्रंही वर्णानुसार वेगळीच राहिली. वेगळेपण मोडता आलं नाही, तेव्हा बेथून यांनी त्याच चौकटीत जास्तीत जास्त वाटा मिळवला. तरुणांची ही संस्थाही महायुद्धाच्या काळात गुंडाळली गेली.

१८ मे १९५५ ला बेथून यांचं निधन झालं. त्यांच्या ब्लॅक कॅबिनेटमधले तरुण अर्थतज्ज्ञ रॉबर्ट वीव्हर १९६६ मध्ये गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याचे मंत्री झाले. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातले ते पहिले कृष्णवर्णीय. ज्या टेबलाजवळ बसून योजना आखल्या जातात, तिथली खुर्ची मिळायला ३० वर्षं लागली होती.

२०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या इमारतीत फ्लोरिडाच्या वतीने बेथून यांचा पुतळा उभा राहिला. त्याआधी तिथे फ्लोरिडाच्या नावाने पुतळा होता गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूच्या एका सेनापतीचा.